सुरतेच्या मंडपात, शुक्रवारी दुपारी

जोडा कुणी फेकला हे शोधायला निघाला असाल, तर इथूनच परत फिरा. लोक शतकाहून जास्त काळ तेच शोधतायत. तुम्ही नजर ठेवायची ती एका चिठ्ठीवर. पेन्सिलीनं खरडलेल्या चार-दोन ओळी, खाली सही बा. गं. टिळकांची, दख्खनचे प्रतिनिधी म्हणून. शुक्रवार, २७ डिसेंबर १९०७ ला दुपारी ती एका स्वयंसेवकाच्या हातून स्वागताध्यक्षांकडे जाईल आणि तिला उत्तर येणार नाही. पुढचं तुम्ही शाळेच्या पुस्तकात एका ओळीत वाचलंय: सुरतेला काँग्रेस फुटली.

पण आज अजून बुधवार आहे, नाताळचा दिवस. तुम्ही तापी व्हॅली रेल्वेच्या डब्यात आहात, जळगावहून बसलेले. अमळनेर गेलं, नंदुरबार गेलं, आता व्यारा येईल. डोक्याला पागोटं, खांद्यावर उपरणं, आणि पायात तांबड्या चामड्याचा, चोचदार पुणेरी जोडा. नंतर पश्चात्ताप होईल, पण आता बदलता येणार नाही.

समोर वऱ्हाडातले एक वकील बसलेत, पन्नाशीचे. मघापासून ते तुमच्या पायांकडे बघतायत.

“कुठले आपण?”

“जळगावकडचा.”

“जोडा मात्र बळवंतराव टिळकांच्या गावचा दिसतो.” ते हसतात. “सुरतेत तुम्हाला तुमचं मत कुणी विचारणार नाही बघा. जोडा बघतील आणि ठरवतील.”

त्यांना बोलतं करायला फार कष्ट पडत नाहीत. यंदाचं अधिवेशन खरं तर नागपूरला व्हायचं होतं. तिथल्या जहालांना अध्यक्ष टिळक हवे होते, मवाळांना नको होते. अध्यक्षाचं नाव सुचवायला स्वागत समितीत तीन चतुर्थांश मतं लागतात. मवाळांकडे बहुमत होतं, तीन चतुर्थांश नव्हतं. सभेत आरडाओरड झाली, सभा मोडली. मग १० नोव्हेंबरला मुंबईत सर फिरोजशहा मेहतांच्या घरी अखिल भारतीय समिती बसली आणि अधिवेशन नागपुरातून उचलून सुरतेला नेलं.

“सुरतच का, ते कळलं ना?” वकील विचारतात. “सुरत मुंबई इलाख्यात. टिळकही मुंबई इलाख्यातले. ज्या प्रांतात अधिवेशन, त्या प्रांतातला अध्यक्ष करायचा नाही असा रिवाज. एका दगडात काम झालं. मी काही टिळकांचा माणूस नव्हे हं. पण वकिली केलीय, पळवाट ओळखतो.”

जहालांनी मग लाला लजपतरायांचं नाव पुढं केलं. सरकारनं त्यांना मे महिन्यात खटल्याविना मंडालेला नेऊन टाकलं होतं, नोव्हेंबरात सोडलं. सगळ्या देशाची सहानुभूती त्यांच्यामागे. लालाजींनी स्वतःच नकार दिला. सुरतेच्या स्वागत समितीनं कलकत्त्याचे कायदेपंडित डॉ. रासबिहारी घोष यांचं नाव ठरवलं आणि तिथं ते प्रकरण मिटल्याचं मानलं. जहालांच्या लेखी मिटलं नव्हतं.

स्टेशनवर उतरता. तुमच्या काळात याच सुरतेत उधना-लिंबायतच्या गल्ल्यांतून धुळे-जळगावची बोली ऐकू येते, मागावर बसणारा मराठी माणूस शहराचाच भाग झालेला. आज तसं नाही. आज पागोट्यांचा लोंढा हातात लाठ्या घेऊन गाडीतून उतरतोय, आणि १६६४ व १६७० साली शिवाजी महाराजांनी दोनदा साफ केलेल्या या पेठेत तो कुणी कौतुकानं बघेल अशी अपेक्षाच चुकीची. रस्त्याच्या कडेला पोंक विकायला बसलेत. ज्वारीचा कोवळा हुरडा, वर शेव आणि लिंबू. खाऊन घ्या. पुढचे दोन दिवस जेवणाचे वांधे आहेत.

मंडप तापीकाठी, फ्रेंच गार्डनमध्ये. सोळाशेहून जास्त प्रतिनिधी, आणि प्रेक्षक त्यांच्या कितीतरी पट. ध्वनिवर्धक नाही. मतदानाची पेटी नाही, मतपत्रिका नाही. नाव मांडायचं, अनुमोदन द्यायचं, सभेनं ‘हो’ म्हणून गर्जना करायची, अध्यक्ष निवडून आला. बावीस अधिवेशनं हे असंच चाललं, कारण खरी निवड आधी बंद दाराआड होऊन जायची आणि मंडपात फक्त टाळ्या पडायच्या. यंदा पहिल्यांदाच कुणीतरी त्या गर्जनेचा शब्दशः अर्थ घ्यायचं ठरवलंय. सभा निवडते ना? मग सभेला विचारा.

गुरुवारी सकाळी धावपळ बघा. टिळक बंगालचे मवाळ पुढारी सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या मुक्कामी जातात. अट दोन कलमी: कलकत्त्याला गेल्या वर्षी दादाभाई नौरोजींच्या अध्यक्षतेखाली झालेले स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षणाचे ठराव मागं घेणार नाही अशी हमी द्या, आणि लालाजींचा दोन शब्दांत गौरवानं उल्लेख करा, आमचा विरोध संपला. सुरेंद्रनाथ तयार होतात. पण हमी द्यायची स्वागताध्यक्ष त्रिभुवनदास मालवींनी, आणि ते पूजेत आहेत, भेटू शकत नाहीत. हे टिळकांच्या बाजूचं म्हणणं. ठरावांचे मसुदे अजून कुणाच्या हाती नाहीत. छापखान्याकडून वेळेत आले नाहीत, हे मवाळांच्या गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बाजूचं म्हणणं. मसुदे हातात पडतात तेव्हा सभा सुरू होण्याची वेळ झालेली, आणि स्वदेशीच्या ठरावातून ‘थोडी झीज सोसूनही’ अशा अर्थाचे शब्द गळालेले. मुद्दाम की नजरचुकीनं, यावर पुढं पानंच्या पानं छापली जातील. मला विचाराल तर मुद्दाम असो वा नजरचूक, अविश्वास इतका मुरलेला असताना मसुदा एक दिवस आधी वाटायला हवा होता. ते काम गोपाळरावांसारख्या काटेकोर माणसाकडून राहून गेलं, हे मला अजून पचत नाही.

अडीच वाजता मालवींचं भाषण होतं. ते निभावतं. दिवाणबहादूर अंबालाल साकरलाल देसाई रासबिहारींचं नाव मांडतात, तेही निभावतं. सुरेंद्रनाथ अनुमोदनाला उभे राहतात आणि तुमच्या मागून आरोळी येते: नागपूर आठवा! दुसरीकडून: मिदनापूर आठवा! मिदनापूरच्या परिषदेत याच महिन्यात सुरेंद्रनाथांनी जहालांविरुद्ध पोलिसांची मदत घेतली असा बंगाली पोरांचा राग आहे. हजारोंची सभा नुसत्या आवाजावर पेलणारा हा माणूस तोंड उघडतो, मिटतो, पुन्हा उघडतो. काही ऐकू येत नाही. मालवी सभा उद्यावर ढकलतात.

वकील उठताना म्हणतात, “आज रात्री कुणीतरी कुणालातरी भेटलं पाहिजे.”

रात्री काही भेटीगाठी होतात, पण ज्यांनी भेटायला हवं ते एकमेकांना भेटत नाहीत. त्यात आणखी भर अशी की रासबिहारींनी अजून न केलेलं भाषण कलकत्त्याच्या वर्तमानपत्रांत छापूनही आलंय. त्यात जहालांवर टोचणाऱ्या ओळी आहेत हे तारेनं सुरतेत कळलंय. जो माणूस अजून निवडून यायचाय, त्याच्या भाषणातल्या शिव्या विरोधकांना निवडणुकीआधीच पोचल्या. इतकं ढिसाळ नियोजन करणारे लोक शिस्तीच्या नावानं दुसऱ्यांना बोल लावतात तेव्हा जरा हसू येतं.

शुक्रवार. दुपारी एकची सभा. अध्यक्षांची मिरवणूक मंडपात शिरतेय, आणि ती चिठ्ठी निघाली. बघा. स्वयंसेवक गर्दीतून वाट काढत मालवींपर्यंत जातो, हातात देतो. मजकूर साधा आहे: अध्यक्षाच्या सूचनेला अनुमोदन मिळाल्यावर मला प्रतिनिधींशी बोलायचंय, सभा तहकूब करण्याची सूचना मांडायचीय, सोबत एक विधायक प्रस्ताव आहे, माझं नाव पुकारा.

मालवी वाचतात. चिठ्ठी ठेवून देतात.

सुरेंद्रनाथ कालचं अर्धं राहिलेलं भाषण पुरं करतात. आज त्यांचं ऐकून घेतलं जातंय, हे ध्यानात ठेवा. मोतीलाल नेहरू पाठिंबा देतात. टिळकांनी आठवण पाठवलीय, तिलाही उत्तर नाही. मालवी सूचना मताला टाकतात. ‘हो’ ची गर्जना उठते, तिच्यात ‘नाही’ मिसळलेलं. मालवी मंजूर झाल्याचं जाहीर करतात. रासबिहारी खुर्चीकडे वळतात. टिळक व्यासपीठाच्या पायऱ्या चढतात.

आता मी तुम्हाला मुद्दाम पुढच्या रांगेत बसवलंय. हातात घड्याळ आहे. सांगा: टिळक वर पोचले तेव्हा रासबिहारी निवडून आले होते की नव्हते? मवाळ म्हणणार, आले होते, प्रचंड बहुमतानं, मग तहकुबीची सूचना गैरलागू. जहाल म्हणणार, गोंगाटात कौल कुणालाच कळला नव्हता, आणि नोटीस आधीच दिलेली होती. तुम्ही तिथं हजर आहात आणि तुम्हालाही सांगता येत नाही. ज्या निवडणुकीत मोजणी नसते, तिथं निकालाचा क्षणही नसतो. खुर्चीत बसलेला माणूस म्हणेल तो क्षण.

मालवी टिळकांना बोलायला नकार देतात. रासबिहारीही देतात. टिळक म्हणतात, मग मी प्रतिनिधींनाच विचारतो, आणि सभेकडे तोंड करून, हाताची घडी घालून उभे राहतात.

इथं थांबा. मराठी माणसाला या चित्राची फार ओढ आहे. घडी घातलेले हात, चहूबाजूंनी गिल्ला, आणि मध्ये एक माणूस न हलता उभा. मवाळ तरुण खुर्च्या उगारून धावतायत, आणि गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांचं आणि टिळकांचं आयुष्यभर पटलं नाही, दोन्ही हात पसरून टिळकांच्या आड उभे राहिलेत. ‘मँचेस्टर गार्डियन’चा इंग्रज वार्ताहर हेन्री नेव्हिन्सन हे सगळं जवळून बघतोय. तो ते लिहून ठेवेल, म्हणून तर आपल्याला गोखल्यांचे ते पसरलेले हात माहीत आहेत.

सुंदर चित्र आहे. पण मागं वळून बघा. लाठ्या घेतलेली पोरं उभी आहेत आणि त्यांचे डोळे त्या घडी घातलेल्या हातांवर खिळलेत. टिळकांना ती पोरं दिसत नाहीत असं नाही. महाराष्ट्राची गर्दी त्यांच्याइतकी कुणी वाचलेली नाही, गणपती आणि शिवजयंतीच्या मिरवणुका त्यांनीच उभ्या केल्या. गर्दीला काय सांगितलं म्हणजे ती शांत होते आणि काय न सांगितलं म्हणजे ती पेटते, हे त्यांना कुणी शिकवायला नको. त्यांचा बोलण्याचा हक्क शंभर टक्के होता, आणि तरी त्या क्षणी ‘खाली बसा’ एवढे दोन शब्द त्यांनी म्हटले नाहीत, ही गोष्ट त्या हक्कात बसत नाही.

आता तो जोडा. तांबडा, चोचदार, तळाला शिसं ठोकलेलं. हवेतून येतो, सुरेंद्रनाथांना लागतो, तिथून उडून फिरोजशहांवर आदळतो. तुमचे दोन्ही जोडे पायात आहेत ना? बघून घ्या. कारण पुढच्याच क्षणी पागोट्यांची लाट व्यासपीठावर चढते. लाठ्या, खुर्च्या, ओरडा. वकील तुम्हाला बाकाखाली ओढतात. तिथून फक्त पाय दिसतात आणि पडलेली पागोटी. मग पोलीस येतात आणि मंडप रिकामा करतात. इंग्रजांचे पोलीस, इंग्रजांविरुद्ध भरलेली सभा उधळल्यावर ती शांत करायला. गव्हर्नर जनरल मिंटो लंडनला भारतमंत्री मोर्लेंना कळवतील की सुरतेची पडझड हा आपला मोठा विजय आहे. त्यासाठी त्यांना बोटही उचलावं लागलं नाही.

संध्याकाळी दोन्ही छावण्यांत कंदिलाखाली लिखाण सुरू होतं. तुम्हाला पुढच्या काळाची मुभा आहे, म्हणून दोन्ही छापील निवेदनं शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकावर मालवी, रासबिहारी घोष, दिनशा वाच्छा आणि गोखले यांच्या सह्या. दुसऱ्यावर टिळक, खापर्डे, अरविंद घोष आणि आणखी दोघा बंगाल्यांच्या. देशातले अव्वल कायदेपंडित, अव्वल संपादक. कोण किती वाजता कुणाच्या घरी गेला, मसुदा कधी हातात पडला, चिठ्ठी कुठं दिली, सारं बारकाईनं. जहालांचं निवेदन सांगतं की मंडपात टिळकांविरुद्ध चिथावणीची गुजराती पत्रकं वाटली होती आणि स्वागत समितीनं भाडोत्री माणसं आणून ठेवली होती. मवाळांचं निवेदन सांगतं की लाठीवाले कुठून आले ते उघडच आहे. जोड्यापाशी आलं की दोघांचीही भाषा बदलते. इतका वेळ ‘त्यांनी’ आणि ‘आम्ही’ म्हणणारे लोक एकदम कर्मणी प्रयोगात जातात. जोडा फेकला गेला. खुर्च्या भिरकावल्या गेल्या. आमच्या माणसांना आम्ही आवरू शकलो नाही, असं वाक्य नऊ सह्यांखालच्या दोन कागदांत मला सापडलं नाही.

तुम्ही तुमच्या काळात अशा गोष्टींचा निवाडा होताना पाहिलाय. ६ जानेवारी २०२१ ला वॉशिंग्टनमध्ये निवडणुकीचा निकाल न मानणारी गर्दी संसदेत घुसली. आधी भाषण करणाऱ्या नेत्यावर सिनेटमध्ये ५७ विरुद्ध ४३ मतं पडली, पण दोन तृतीयांश भरली नाहीत म्हणून सुटका. ८ जानेवारी २०२३ ला ब्राझीलच्या राजधानीत तसंच झालं. त्या दिवशी माजी अध्यक्ष बोल्सोनारो देशातसुद्धा नव्हते, अमेरिकेत होते. तरी निकाल उलटवण्याच्या कटासाठी सप्टेंबर २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्यांना २७ वर्षं ३ महिन्यांची शिक्षा ठोठावली. त्या दोन्ही ठिकाणी सत्ता पणाला लागली होती, म्हणून प्रश्न सोपा तरी होता. इथं सुरतेत सत्ता कुणाकडेच नाही. सगळे गुलाम देशाचे प्रामाणिक पुढारी, काही जण तुरुंग भोगून आलेले, काही जण जाणारे. लबाड माणसाला जबाबदार धरणं अवघड नसतं. इथं दोन्ही बाजूंना आदरणीय माणसं आहेत, आणि नेमक्या त्यामुळेच कुणी कुणाला विचारत नाही.

कायदा विचारणार नाही असंही नाही, फक्त दुसऱ्याच गोष्टीबद्दल विचारेल. चार महिन्यांनी, ३० एप्रिल १९०८ ला, मुझफ्फरपूरला बॉम्ब पडेल. टिळक तिथून शेकडो कोस लांब असतील, त्यांनी फक्त त्यावर ‘केसरी’त अग्रलेख लिहिलेले असतील. त्यासाठी २२ जुलैला मुंबईच्या हायकोर्टात सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. न फेकलेल्या बॉम्बची जबाबदारी सरकारनं त्यांच्या लेखणीवर टाकली. पण सुरतेच्या मंडपात ते प्रत्यक्ष उभे होते, आणि तिथल्या जबाबदारीबद्दल त्यांच्याच लोकांनी त्यांना एक शब्द विचारला नाही. मला वाटतं, सरकारचा तो अन्यायच आड आला. मंडालेहून आलेल्या माणसाला सुरतेबद्दल कोण विचारणार?

आणि एक कबुली आहेच, फार उशिरा आलेली. अरविंद घोष पाँडिचेरीला जाऊन योगी झाल्यावर, कितीतरी वर्षांनी, पत्रांतून सांगतात की फार थोड्यांना ठाऊक आहे, पण काँग्रेस मोडण्यापर्यंत पोचलेला हुकूम मीच दिला होता, आणि टिळकांना न विचारता. तो नेमका कसला हुकूम, कुणाला, कोणत्या शब्दांत, ते तिथं उलगडत नाही. पण एवढं तर उलगडतं की त्या निवेदनावर टिळकांच्या सहीखाली अरविंदांची सही आहे आणि निवेदनात हुकमाचं नावही नाही. म्हणजे टिळक ज्या कागदावर विरोधकांची एकेक चूक मोजत होते, त्याच कागदावर सही करणारा शेजारचा माणूस काहीतरी जाणून गप्प होता. टिळकांना ते पुढं कधी कळलं का, आणि कळलं असतं तर त्यांनी ते निवेदन तसंच ठेवलं असतं का? मला वाटतं, ठेवलं असतं. पक्ष मोडत असताना आपल्या माणसाला उघडं पाडायचं नाही, हा गुण म्हणून आपण आजही मिरवतो.

कबुली खरी असेल तर घडी घातलेले हात खरोखरच निष्पाप ठरतात का? नाही. ज्याच्या नावानं हुकूम सुटतात, त्यानं हुकूम दिला नाही एवढ्यावर तो सुटत नाही. फिरोजशहा सुटत नाहीत, ज्यांनी अधिवेशनाचं ठिकाण प्रतिस्पर्ध्याला गैरलागू करण्यासाठी हलवलं आणि पुढचं सगळं मालवींवर सोडलं. मालवी तर मुळीच सुटत नाहीत, कारण एका चिठ्ठीवर ‘नाही’ असं सभेला कारण देऊन सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. नकार ऐकलेला माणूस भांडतो, पण न ऐकल्यासारखं केलेला माणूस पायऱ्या चढतो.

टिळकांच्या बाजूनं एक गोष्ट मांडली पाहिजे. राडा झाल्यावर त्यांनी ‘अमृत बझार पत्रिके’च्या मोतीलाल घोषांच्या हाती लेखी दिलं: रासबिहारींना असलेला विरोध मागं घेतो, झालं गेलं विसरू, फक्त गेल्या वर्षीचे ठराव राखा आणि भाषणातल्या टोचणाऱ्या ओळी गाळा. इतका मानी माणूस इतकं खाली आला. मवाळांनी कागद परत पाठवला. पुढं नऊ वर्षं गेली. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत गेले, फिरोजशहा त्याच नोव्हेंबरात. त्याच वर्षी मुंबईच्या अधिवेशनात प्रतिनिधी कुणी निवडायचे याचं कलम सैल केलं, आणि १९१६ ला लखनौत दोन्ही पक्ष एका मंडपात आले. समेट खरा, पण ज्या दोन माणसांनी सुरतेबद्दल टिळकांना समोरासमोर काही विचारलं असतं, ती तोवर उरली नव्हती.

शनिवार, २८ डिसेंबर. सकाळी तुम्ही आणि वकील पुन्हा फ्रेंच गार्डनच्या दाराशी. तोच मंडप, फक्त आता बाहेर पोलिसांचा पहारा. आत मवाळांचं वेगळं संमेलन भरतंय, नऊशेहून अधिक लोक जातील आणि घटना लिहायला समिती नेमतील. शहराच्या दुसऱ्या भागात जहालांची सभा आहे. दारावर बसलेला माणूस प्रत्येकाला एक छापील कागद देतो. सही केली तर आत.

वकील चष्मा लावून वाचतात. पहिलं, साम्राज्यातल्या स्वायत्त वसाहतींसारखं स्वराज्य हे ध्येय. “ठीक.” दुसरं, ते सनदशीर मार्गानं, क्रमाक्रमानं. “ठीक.” तिसरं कलम ते दोनदा वाचतात. सभा शिस्तीत चालाव्यात, आणि सभा चालवण्याचा अधिकार ज्यांच्याकडे सोपवलाय त्यांचं सर्वांनी ऐकावं.

“आणि सभा चालवणाऱ्यानं कुणाचं ऐकावं, ते कितव्या कलमात आहे?”

दारावरचा माणूस काही बोलत नाही. मागं रांग वाढतेय, कुणीतरी ‘चला, चला’ म्हणतंय.

“बरं,” वकील कागद उलटा करून बघतात, मागची बाजू कोरी आहे. “काल जे झालं, ते कुणामुळं झालं, याबद्दल यात काही आहे का?”

“ते निवेदनात येईल,” तो माणूस म्हणतो, आणि टाक तुमच्याकडे सरकवतो.